डोळ्याखालच्या पिशव्या आणि काळी वर्तुळं : सांगलीत विश्रामबागच्या एका स्किन क्लिनिकचा रिव्ह्यू, सोबत दिलेल्या क्रीमचा पण

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो काउंटरवर बसून पॅकेज विकणाऱ्यांचा, डॉक्टरांचा नाही, त्याचं खाली सांगतो. क्लिनिकचं नाव टाकत नाही कारण टाकलं की उद्या यार्डातच लोक म्हणणार ह्याचा मेव्हणा असंल तिथं कामाला. आणि मला नाव सांगायचंच नाहीये, तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं कसं ते सांगायचंय, असं तपासणारा डॉक्टर सांगली, मिरज, सातारा कुठंही मिळाला तरी सोडू नका.

माझी केस आधी सांगतो म्हणजे तुमची तुम्हाला ताडून बघता येईल. वय ४६, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. डोळ्याखाली काळं कॉलेजपासूनच आहे पण गेल्या काही वर्षांत वरनं फुगवटा पण आलाय, सकाळी उठलं की दोन्ही डोळ्यांखाली पिशव्या. फेब्रुवारीला हळदीचा सीझन सुरू झाला की मे-जूनपर्यंत दिवसा सौदे आणि रात्री पट्ट्या म्हणजे मालाच्या हिशेबाची बिलं, पोती झाडली की भुकटी उडते, डोळे चोळायचे, नाक वाहायचं, परत चोळायचे. आणि ह्या पिशव्यांमुळं यार्डात रोजचा डायलॉग ठरलेला, काय दिवाणजी, काल किती झाल्या? आमचं घर माळकरी, आषाढीला वारी, मी सोडा लेमनच्या पुढं कधी गेलो नाही तरी एक व्यापारी तर मला कोपऱ्यात घेऊन दारू सोडायच्या गोळ्यांबद्दल सांगून गेला. शेवटी मिसेसनीच अपॉइंटमेंट घेतली आणि म्हणाली मी पण येते, माझं पण बघून घेऊ.

क्लिनिक शंभर फुटी रस्त्याच्या अलीकडं पडतं. स्वच्छ आहे, एसी आहे, भिंतीवर त्या गुळगुळीत तोंडाच्या बायकांचे पोस्टर. बसलेले सगळे पिंपलवाली पोरं आणि त्यांच्या आया, मधे मी एकटा बापयमाणूस पिशव्या घेऊन. अपॉइंटमेंट सहाची, नंबर लागला साडेसातला. हे सांगली-मिरजेत नवीन नाही म्हणा, इथं दवाखान्यात बसायची सवय सगळ्यांना आहे, मिरजेत वानलेस हॉस्पिटल १८९४ ला सुरू झालं आणि तेव्हापासूनच रांग असणार. फी सहाशे.

आत गेल्यावर मला वाटलं एक नजर टाकतील आणि क्रीम लिहून देतील, दोन मिनिटांत बाहेर. तसं झालं नाही आणि ह्याच गोष्टीचे चार स्टार आहेत. मॅडमनी पहिल्यांदा मला खुर्चीवरनं उठवून खिडकीपाशी नेलं आणि वरचा लाईट बंद केला. म्हणाल्या छताच्या लाईटखाली कुणाच्याही डोळ्याखाली काळंच दिसतं. बाहेर अंधार होता तर मोबाईलची बॅटरी समोरनं धरली. समोरनं उजेड टाकला की काही काळेपणा एकदम कमी झाला, ती म्हणे नुसती सावली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडं तिरकी खळी येते, तिला टिअर ट्रफ म्हणतात, वय वाढलं की गालाचं मांस खाली सरकतं आणि ती खळी खोल होते, वरनं उजेड पडला की खळीत सावली पडते. सावलीला क्रीम लावून काय होणार.

मग बोटानं कातडी हलकी खाली ताणली. ताणल्यावर तपकिरी रंग होता तसाच राहिला तर तो कातडीतला रंग, म्हणजे पिगमेंट. ताणल्यावर निळं-जांभळं जास्तच दिसायला लागलं तर खालच्या रक्तवाहिन्या दिसतायत. खालच्या पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी आहे, अर्धा मिलिमीटरच्या आसपास, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतोच, त्यामुळं आतलं सगळं वर दिसतं. माझं ताणून तपकिरी तसंच राहिलं. मिसेसचं निळसर.

तिसरी गोष्ट, डोकं सरळ ठेवून फक्त नजर वर छताकडं करायला लावली. माझ्या पिशव्या टच्चकन वर आल्या. मॅडम म्हणाल्या ही चरबी आहे. डोळ्याच्या खोबणीत गादीसारखी चरबी सगळ्यांनाच असते, तिला धरून ठेवणारा पातळ पडदा वयानं सैल पडतो आणि ती पुढं डोकावते. पाण्याची सूज असती तर वर बघून असा फरक पडला नसता. पण मग विचारलं सकाळी जास्त असतं का संध्याकाळी? मी म्हणलं सकाळी लई, दुपारपर्यंत निम्मं उतरतं. तर म्हणजे दोन्ही आहे. रात्रभर आडवं झोपून पाणी डोळ्याखाली साचतं, उठून उभं राहिलं की खाली उतरतं, ते उतरणारं पाणी आणि जे उतरत नाही ती चरबी. इतकं साधं गणित आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, ना सलूनवाल्यानं ना मेडिकलवाल्यानं.

तर माझ्या डोळ्याखाली निघाल्या चार गोष्टी, तपकिरी रंग, खळीची सावली, चरबी आणि पाणी. आमच्या धंद्यात हळकुंडं वेगळी आणि गड्डे वेगळे केल्याशिवाय कुणी भाव लावत नाही, आणि इथं आपण सरसकट डार्क सर्कल म्हणून एकच ट्यूब आणतो.

प्रश्न पण बरेच विचारले. झोप किती, घोरता का, नाक चोंदतं का, शिंका, अंगाला खाज, लहानपणी दमा होता का. डोळ्यात कुठले थेंब टाकता का, कारण काचबिंदूचे काही थेंब, लॅटानोप्रोस्ट बिमॅटोप्रोस्ट असली नावं असतात, त्यानं पापणीची कातडी काळी पडते (माझ्या मामांना हेच झालंय आणि ते गेली दोन वर्षं उन्हाला दोष देतायत, त्यांना फोन करून सांगितलं की थेंब आपल्या मनानं बंद करू नका, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा). मग विचारलं केसाला डाय लावता का. आता हे मिसेससमोर विचारायची गरज नव्हती पण ठीक आहे, लावतो, मिशीला पण. तर डायमध्ये पीपीडी नावाचं केमिकल असतं, त्याची ॲलर्जी असली तर बऱ्याचदा डोक्याला फारसं काही होत नाही पण पापण्या सुजतात कारण तिथली कातडी सगळ्यात नाजूक. काळी मेंदी म्हणून जी विकतात त्यात पण बऱ्याचदा हेच असतं. माझी सूज डायच्या दिवसांशी जुळत नव्हती म्हणून ते सुटलं, पण तुमची जुळत असंल तर आधी डाय थांबवा, क्रीम नंतर.

घरचे फोटो मागितले. मोबाईलमध्ये वडिलांचा एक जुना फोटो होता, त्यांच्या डोळ्याखाली हुबेहूब माझ्याच पिशव्या, वय तेव्हा चाळीसच्या आतच. आई तर कायम म्हणतेच, आमच्याकडं सगळ्यांचे डोळे असेच, तुझ्या आज्ज्याचे पण. मॅडम म्हणाल्या आईचं बरोबर आहे, निम्मं काम तिनंच केलं.

आता काय दिलं आणि त्याचं काय झालं ते.

पहिलं औषध नाकाचं. मला वाटलं चुकून दुसऱ्याची चिठ्ठी आली. ॲलर्जीची गोळी रात्री, नाकात मारायचा स्प्रे, डोळ्यात टाकायला साधे ओलावा देणारे थेंब आणि यार्डात मास्क. कारण सांगितलं असं की नाक आतनं सुजलं की डोळ्याखालच्या शिरांतलं रक्त परत जायला अडतं, तिथं साचून काळंनिळं दिसतं आणि फुगतं पण, इंग्रजीत ह्याला ॲलर्जिक शायनर म्हणतात. त्यात खाज येते म्हणून आपण चोळतो, चोळून चोळून तिथली कातडी स्वतःला वाचवायला रंग तयार करते. म्हणजे भुकटी, नाक, चोळणं, रंग, ही साखळी तिथंच तोडायची. खरं सांगतो, सगळ्यात जास्त फरक ह्यानंच पडला, आणि सगळ्यात स्वस्त पण हेच. सकाळच्या पिशव्या निम्म्या झाल्या. हात डोळ्याकडं जायचा तो मात्र अजून जातो, सवय आहे, दुकानातला पोरगा ओरडतो दिवाणजी हात खाली.

दुसरं, सकाळी लावायचं कॅफिन आणि नियासिनामाइडचं (बी-३ व्हिटॅमिनचा एक प्रकार) जेल, वर स्टीलचा गोळा असलेलं. ह्याला पाचपैकी तीन. कॅफिनचं काम बारीक रक्तवाहिन्या आकसवायचं, त्यानं पाण्याचा फुगवटा थोडा वेळ बसतो आणि निळेपणा थोडा दबतो. थोडा वेळ म्हणजे काही तासच, उद्या सकाळी परत लावायचं. द ऑर्डिनरीचं पाच टक्के कॅफिनवालं आजकाल सगळ्या पोरापोरींना माहिती असतं, आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांची पण निघालीत, घटक तेच, त्यामुळं डबी बघून पैसे देऊ नका, मागची यादी वाचा. आणि तो स्टीलचा गोळा जो मस्त वाटतो त्यात निम्मं काम गारव्याचं आहे. फ्रिजमधला चमचा डोळ्याखाली धरला तरी तेवढा फरक दिसतो, मी करून बघितलाय. चमचा फुकट आहे. बर्फ थेट लावू नका फक्त.

तिसरं रात्रीचं रेटिनॉल, म्हणजे ए व्हिटॅमिनचं क्रीम, कमी ताकदीचं, ह्याला चार. पण सांभाळून. दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं, पापणीच्या केसांजवळ नाही तर खालच्या हाडावर, एक दिवसाआड. सुरुवातीला कातडी कोरडी पडून पापुद्रे निघाले तर मॅडमनी आधी मॉइश्चरायझर आणि वरनं रेटिनॉल असं करायला सांगितलं, मग बसलं. हे कातडी थोडी जाड करतं, रंग हळूहळू उडवतं, पण दोन-तीन महिने तरी काही अपेक्षा करायची नाही असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिवस राहिलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बायकांनी रेटिनॉल लावायचं नाही, हे डबीवर बारीक अक्षरात असतं आणि विकणारा सांगत नाही म्हणून इथं लिहितोय.

चौथं सनस्क्रीन. हिथं माझी आणि मॅडमची थोडी वादावादी झाली. मी म्हणलं मी काय पोरगी आहे का. त्या म्हणाल्या तुम्ही मोटरसायकलवर कुपवाडवरनं यार्डात येता, ऊन तुम्हाला पोरगी-पोरगा बघून लागतं का. गप्प बसलो. पन्नास एसपीएफचं, किंचित रंग असलेलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. आपल्यासारख्या गव्हाळ कातडीला नुसत्या अतिनील किरणांनीच नाही तर दिसणाऱ्या उजेडानं पण काळपटपणा येतो आणि साध्या सनस्क्रीननं तो अडत नाही, ह्या ऑक्साइडनं अडतो. तक्रार एकच, घाम आला की डोळ्यात जातं आणि झोंबतं. झिंक ऑक्साइडवालं कमी झोंबतं, ते बदलून घेतलं. आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये मोठ्या काचेचा गॉगल घातला तर डोळे बारीक करून बघायचं पण वाचतं.

मीठ. हे औषध नाही पण चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. डब्ल्यूएचओ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगतं, म्हणजे सगळं धरून एक चहाचा चमचा. आता तुम्ही सांगलीचे असाल तर हसाल. संध्याकाळी पाचला भडंग, सोबत कांदा आणि लिंबू, रात्री भाकरीबरोबर खर्डा, पापड, लोणचं. तो चमचा दुपारीच संपतो. मी भडंग सोडलेलं नाही, सोडणार पण नाही, फक्त रात्री उशिरा खायचं बंद केलंय आणि पापड कमी. उशी एक जास्त घेतो, डोकं वर राहिलं की पाणी कमी साचतं. दोन्हीचा फरक सकाळी आरशात दिसतो.

आता काउंटरवाल्यांची गोष्ट. आत मॅडमनी चिठ्ठी लिहिली, चारशे-पाचशेच्या ट्यूब आणि गोळ्या. बाहेर आलो तर काउन्सेलर म्हणून एक मुलगी, हसतमुख, टॅब घेऊन. सर तुमच्यासाठी अंडर-आय पॅकेज आहे, सहा सिटिंग, पील, लेझर आणि पीआरपी मिळून चोवीस हजार, आज बुक केलं तर अठरा. मी म्हणलं डॉक्टरांनी हे लिहिलेलं नाही. म्हणाली मॅडम बिझी असतात सर, आम्ही समजावून सांगतो. असं कसं. मी सरळ परत आत गेलो, मॅडमना विचारलं, आणि त्यांनी न चिडता एकेक सांगितलं, त्यामुळं डॉक्टरांचे स्टार शाबूत.

पील म्हणजे सौम्य आम्ल, ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक असलं, ते फक्त तपकिरी रंगावर चालतं, सावलीवर आणि चरबीवर शून्य. लेझर, तो क्यू-स्विच्ड एनडी-याग, तो पण रंगावरच, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर जोरात मारला तर आहे त्यापेक्षा काळं होऊ शकतं, त्यामुळं क्रीमनं जमत नाही असं दिसलं की मग विचार. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटवाला भाग टोचायचा, काहींना कातडी थोडी बरी वाटते पण पुरावा अजून तोकडाच आहे आणि दर मात्र तोकडा नाही. फिलर माझ्या खळीत भरता येईल का हे मी स्वतःच विचारलं. हायल्युरोनिक ॲसिडचं जेल असतं, खळी भरली की सावली जाते. पण पिशव्या असलेल्या माणसाला भरलं तर आणखी सुजल्यासारखं दिसतं, अगदी वरच्या थरात भरलं तर कातडीतनं निळसर झाक मारते. आणि क्वचित, पण होतं, ते जेल रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध खात्यानं, खास डोळ्याखालच्या खळीसाठी म्हणून फिलरला मंजुरी दिली तीच मुळी २०२२ साली. त्यामुळं मॅडम म्हणाल्या तुम्हाला मी करणार नाही, आणि कुणी पार्लरमध्ये करून देतो म्हणलं तर चप्पल सुद्धा काढू नका तिथं.

चरबीचं मात्र सरळ सांगितलं, ती क्रीमनं जात नाही, गोळीनं जात नाही, मसाजनं जात नाही. फार खुपत असंल तर ऑपरेशन, ब्लेफरोप्लास्टी, पापणीच्या आतल्या बाजूनं चीर देऊन चरबी काढतात किंवा खळीत सरकवतात, बाहेर व्रण दिसत नाही, दोन आठवडे सूज आणि काळंनिळं राहतं. ते स्किनवाल्याकडं नाही, डोळ्याच्या प्लास्टिक सर्जरीवाल्याकडं. मला एवढं खुपत नाही. मुलीच्या लग्नाच्या अल्बमात दिसणार हे खरंय पण तिथं वडिलांचे पण तसेच दिसतात, जमून जाईल. पण आपल्या हातानं एक गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पाठवणारा डॉक्टर दिसला की मला बरं वाटतं, आमच्या यार्डात असं कुणी करत नाही.

मिसेसची गोष्ट वेगळी आणि मला वाटतं बायकांनी हा भाग नीट वाचावा. ती गेली कित्येक वर्षं डोळ्याखाली काकडी, बटाटा, कोरफड, टीव्हीवर दिसंल ते लावतेय. तिचं निळसर निघालं हे वर सांगितलंच. मॅडमनी तिची खालची पापणी उघडून आतला रंग बघितला, नखं बघितली आणि क्रीम न देता रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४. बायकांना बाराच्या खाली आलं की ॲनिमिया धरतात. रक्त कमी म्हणजे चेहरा फिका, आणि फिक्या चेहऱ्यावर डोळ्याखालचं आहे ते दुप्पट उठून दिसतं. ही काही तिच्या एकटीची गोष्ट नाही, सरकारच्या एनएफएचएस-५ म्हणजे कुटुंब आरोग्याच्या सर्व्हेत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमियात निघाल्या, म्हणजे बसस्टँडवर बायकांच्या रांगेत बघितलं तर निम्म्याहून जास्त. लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाच्या आगेमागे नाही कारण चहा लोह अडवतो. संडास काळी होते, घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन वर आल्यावर पण साधारण तीन महिने चालू ठेवायच्या, साठा भरायला. आणि रक्त जातंय कुठं ते बघायला बायकांच्या डॉक्टरांकडं पण पाठवलं, पाळीचं विचारून. तिचं डोळ्याखालचं पूर्ण गेलं नाही, मॅडमनी तसं कबूल पण केलं नव्हतं, पण जिना चढताना दम लागायचा तो थांबला आणि ती म्हणते हे कुठल्या क्रीमनं झालं असतं? थायरॉईड पण बघितलं तिचं, ते नॉर्मल आलं. थायरॉईड कमी असलं तरी सकाळी डोळे सुजतात, त्यामुळं सूज नवीन असंल, वजन वाढत असंल, थंडी जास्त वाजत असंल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या.

माझी पण क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी केली. डोळ्याखाली सूज, पाय पण सुजतात आणि लघवीला फेस येतो, असं एकत्र असंल तर स्किनवाल्याकडं वेळ घालवू नका, फिजिशियनकडं जा, किडनीतनं प्रथिनं जात असू शकतात. आणि एकाच डोळ्याला एकदम सूज, लाल, दुखतंय, ताप, दोन दोन दिसतंय असं असंल तर त्याच दिवशी डोळ्याचा दवाखाना, रात्र असली तरी.

घरगुतीवर मॅडमचं मत एका दमात सांगतो. काकडी चालती, गार आणि ओली म्हणून, काकडी म्हणून नाही. चहाच्या पिशव्या भिजवून फ्रिजमध्ये ठेवून लावल्या तर थोडं कॅफिन आणि थोडा गारवा, चालतंय. बटाट्यानं काही नाही. लिंबू अजिबात नको, त्यानं जळजळ आणि वर उन्हात गेलं तर डाग. हळद-साय, आता आमचाच माल, सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा अभिमान आहेच, पण डोळ्याखाली लेप नको, पिवळं होतं ते वेगळं आणि काहींना त्याची पण ॲलर्जी येते, मी तर रोज तीच खातोय नाकानं. काजळ रात्री पुसून झोपायचं, आणि सुट्टं विकतं ते सुरमा-काजळ घेऊच नका, असल्या मालात शिसं सापडलेलं आहे, पोरांना तर नकोच.

आणि एक फार महत्त्वाचं, जे त्यांनी मी न विचारता सांगितलं. मेडिकलमधनं चिठ्ठीशिवाय गोरं व्हायची म्हणून जी ट्यूब मिळते, स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन एकत्र असलेली, ती डोळ्याखाली रोज लावणाऱ्या बायका त्यांच्याकडं आठवड्याला येतात. आमच्या भावकीतल्या एक वहिनी तेच करत होत्या. पहिले काही दिवस झकास, उजळतं. मग कातडी आणखी पातळ, लालसर शिरा दिसायला लागतात, थांबवलं की आग आणि पहिल्यापेक्षा काळं, आणि डोळ्याजवळ बरेच दिवस स्टेरॉइड लावलं तर डोळ्याचं प्रेशर वाढणं, मोतीबिंदू इथपर्यंत जाऊ शकतं. २०१८ ला सरकारनं असली बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण काउंटरवर जाऊन बघा काय चालतंय ते. ट्यूबवर मोमेटासोन, क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन असलं काही लिहिलं असंल तर डोळ्याखाली स्वतःच्या मनानं लावू नका.

एकूण हिशेब. तपकिरी रंग बराच फिका झालाय, पाण्याची सूज बऱ्यापैकी गेली, सावली आणि चरबी जागच्या जागी. यार्डात डायलॉग चालूच आहे, तो माझ्या पिशव्यांपेक्षा त्यांच्या सवयीचा भाग आहे. पैसे म्हणाल तर फी, औषधं, रक्त-लघवी धरून दोघांचं मिळून पॅकेजच्या पाव किमतीत झालं. काउन्सेलरचा फोन अजून येतो, दिवाळी ऑफर, मग नवीन वर्षाची ऑफर.

जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, त्या दिवशी लग्नाळू पोरींची गर्दी असते. गाडी गल्लीतच लावा, समोर लावली तर उचलतात. तोंडाला काही न लावता जा, काजळ कन्सिलर काही नको नाहीतर पुसून परत बसवतात. घरात पडलेल्या सगळ्या जुन्या ट्यूब आणि डोळ्याचे थेंब पिशवीत घालून न्या, आईवडिलांचा एखादा जुना फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि सुरू करायच्या आधी सकाळी एकाच खिडकीत एकाच वेळेला स्वतःचा फोटो काढून ठेवा कारण रोज आरशात बघून फरक कळत नाही. चिठ्ठी झाल्यावर काउंटरवर कुणी टॅब दाखवला तर एवढंच विचारा, हे मॅडमनी लिहिलंय का?